टॅबी, शुक्रवारची पिशवी आणि मी

मी कपडे धुण्याची एक जुनी मशीन आहे. वरून झाकण उघडणारी, पांढरी. म्हणजे एके काळी पांढरी होते. डाव्या बाजूला चेपलेय, ते कसं झालं ते पुढे सांगतेच.

मित्रांनो, मशीनला काय कळतं असं तुम्हाला वाटत असेल. मला लिहिता-वाचता येत नाही हे खरंय. पण लोक माझ्यासमोर बिनधास्त बोलतात. कपडे आत टाकले, झाकण लावलं, की माणसाला वाटतं आता खोलीत आपण एकटेच. त्यामुळे मी खूप ऐकलंय.

माझा जन्म आयोवामधल्या एका कारखान्यात झाला. सगळं जोडून झाल्यावर एका बाईने माझ्यात पाणी भरलं, मला फिरवलं, कान लावून ऐकलं आणि झाकणावर थाप मारली. म्हणाली, "हिचा आवाज चांगलाय." तेवढंच माझं बारसं.

तिथून मी ट्रकमधून वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरात आले, हॅझेल रन गावी. टेकडीवर दातांच्या डॉक्टरांचं घर होतं. डॉक्टरांच्या बायकोला सगळे मिसेस व्हॅनहॉर्न म्हणायचे. त्यांचा मुलगा ज्यूलियन तेव्हा दीड वर्षाचा. धुतलेले मोजे जोडायला बसल्या की त्या त्याला माझ्या झाकणावर बसवायच्या.

"हा मोजा कुणाचा? बाबांचा की तुझा? मग याचा जोडीदार कुठे पळाला?"

त्याला धड बोलता येत नव्हतं तेव्हाही त्या विचारायच्या. विचारून थांबायच्या. तो काहीतरी बडबडायचा आणि त्या म्हणायच्या, "हो का? मला माहीतच नव्हतं." असं रोज. तीन वर्षांचा झाला तेव्हा तो मला बोट लावून विचारायचा की ही गोल का फिरते, पाणी कुठे जातं, आणि नदीला साबण लागतो का. मोज्यांच्या ढिगाऱ्यात बसून त्याने किती शब्द उचलले त्याला मोजदाद नाही.

मिसेस व्हॅनहॉर्न काही फार थोर बाई होत्या असं मला म्हणायचं नाही. त्यांना घाई नव्हती, इतकंच. फ्रिज भरलेला असायचा. ज्यूलियन वेळेवर खायचा, वेळेवर झोपायचा, दार वाजलं की दचकण्याऐवजी धावत जायचा. मला वाटायचं सगळ्याच घरांत असं असतं.

मग त्यांनी घर नव्याने सजवलं. नव्या फरशीवर मी शोभेना. मला खाली गावातल्या शाळेला देऊन टाकलं.

शाळेला मशीन कशाला, असं मलाही वाटलं. त्याचं कारण मिस्टर ओडेल. साठी ओलांडलेला माणूस, आधी कोळशाच्या खाणीत होता. खाण बंद पडली, गुडघे गेले, आता शाळेची साफसफाई आणि दुरुस्ती त्याच्याकडे. काही मुलं ठरावीक दिवशी गैरहजर असायची आणि मुख्याध्यापिकाबाई घरी चिठ्ठ्या पाठवून थकल्या होत्या. ओडेल त्यांना म्हणाला, "मॅडम, त्या पोरांना ताप-बिप काही नाही. धुतलेले कपडे नाहीत." नदीच्या बाजूच्या वस्तीत नळाला तपकिरी पाणी यायचं, कुणाकुणाचं पाणी तोडलेलं. वास येतो म्हणून चिडवतात, म्हणून मुलं घरीच बसायची.

मला बॉयलरशेजारच्या खोलीत बसवलं. तिथे पोछे, बादल्या, मोडक्या खुर्च्या, एक घडीचं टेबल.

आल्या आल्या माझी फजिती झाली. शाळेची वायरिंग जुनी. स्वयंपाकघरातल्या भट्ट्या पेटल्या की माझ्यापर्यंत करंटच पुरा पोहोचायचा नाही. मी नुसती हूं हूं करायचे, फिरायचे नाही. एक शिक्षक म्हणाले, "भंगार दिलंय डॉक्टरांनी." ओडेलने मागचं पॅनल उघडलं, आत डोकावला आणि म्हणाला, "म्हातारी ठणठणीत आहे हो. करंट पुरत नाहीये. पण असंच बरेच दिवस चालवली तर मात्र मोटर खरंच जळेल." त्याने माझ्यासाठी वेगळी वायर ओढली. मी लागले फिरायला.

हे लक्षात ठेवा, मित्रांनो. पुढे लागणार आहे.

टॅबी आली तेव्हा आठ वर्षांची होती. खरं नाव टॅबिथा. कपडे मोजकेच, म्हणून रोज सकाळी बसमधून उतरून थेट माझ्याकडे. एका हातात कपड्यांची उशीची खोळ, दुसऱ्या हातात पाच वर्षांचा भाऊ कोल्बी. शाळेत नाश्ता फुकट मिळायचा, पण तो नेमका त्याच वेळी. नाश्ता करायचा की कपडे धुवायचे? टॅबीने कपडे निवडले होते. भूक कुणाला दिसत नाही, वास मात्र येतो. आणि कोल्बी तिला सोडून जायचा नाही.

मी फिरायला लागले की अंगाला ऊब येते. टॅबी पाठ टेकून बसायची आणि तिसऱ्या मिनिटाला झोपायची. वर्षात तीन घरं बदलली होती त्यांनी. आताच्या घरात एकाच खोलीत हीटर, तिथेच सगळे, तिथेच टीव्ही, तिथेच शेजाऱ्यांची भिंतीपलीकडची भांडणं. त्यांची आई रोंडा म्हाताऱ्यांच्या एका आश्रमात काम करायची, कुणी आलं नाही की त्याची पाळीही तीच करायची.

ओडेल दारातून बघायचा आणि झाडू न वाजवता निघून जायचा.

वर्गात मात्र टॅबीचं काही खरं नव्हतं. तिच्या बाई मिसेस लँट्झ तक्रार करायला माझ्याच खोलीत यायच्या. सांगितलेलं डोक्यात राहत नाही म्हणायच्या. शून्यात बघते. दार आपटलं की पेन्सिल खाली. वाचन दोन इयत्ता मागे. दुष्ट नव्हत्या त्या. सव्वीस मुलं सांभाळून थकल्या होत्या.

मग मिस पेट्री आल्या. मुलांची बुद्धी, लक्ष, आठवण तपासणाऱ्या बाई. पाच शाळा त्यांच्याकडे, आमचा वार सोमवार. शाळेत रिकामी खोली नाही, म्हणून चाचणी माझ्यासमोर, घडीच्या टेबलावर.

"मी आकडे म्हणते, तू उलटे म्हणायचे. चार, नऊ, दोन."

टॅबी दाराकडे बघत राहिली. मग म्हणाली, "चार?"

मिस पेट्रींनी काहीतरी लिहिलं. मला तिच्या पोटातला आवाज ऐकू येत होता. मिस पेट्रींना नसेल आला, बॉयलरचा आवाज मोठा.

संपल्यावर त्या मिसेस लँट्झना म्हणाल्या की पुढच्या सोमवारी उरलेला भाग घेऊ, पण असंच आलं तर वेगळ्या वर्गासाठी लिहावं लागेल. तो वर्ग डोंगरापलीकडच्या शाळेत होता. बस वेगळी, वेळ वेगळी. टॅबी दाराबाहेरच उभी होती. त्या दिवसापासून ती कोल्बीला माझ्यासमोर बसवून बुटाची नाडी बांधायला शिकवायला लागली.

"मला नाही येत," तो म्हणायचा.

"यायला पाहिजे. मी नसले तर कोण बांधेल? तुझा बाप?"

"तो कुठंय?"

"तेच तर म्हणतेय."

आता पिशवीचं सांगते. दर शुक्रवारी काही मुलांच्या दप्तरात गुपचूप एक पिशवी जायची. चर्चची गाडी खाणं आणून द्यायची, ओडेल पिशव्या भरून हिरव्या सुतळीने बांधायचा. ओट्सची पाकिटं, मॅकरोनी, बीन्सचे डबे, पीनट बटर, दुधाचे छोटे खोके. शनिवार-रविवार शाळेत जेवण नाही, म्हणून. टॅबीला पिशवी मिळते हे ओडेलला माहीत होतं, त्यामुळे तो निश्चिंत होता.

पण ती पिशवी घरी जातच नव्हती. शुक्रवारी शेवटची घंटा झाली की टॅबी धावत यायची आणि पिशवी माझ्या मागे, भिंतीच्या फटीत सरकवायची. सोमवारी आणि मग आठवडाभर सकाळी दोघं थोडं थोडं खायची. जास्त कोल्बी. दोन दिवस ती मुलं घरी उपाशी आणि त्यांचं अन्न माझ्या पाठीला टेकून. मित्रांनो, मला मशीन असल्याचं दुःख कधी झालं नव्हतं. तेव्हा झालं.

कोल्बीने एकदा विचारलंही, "घरी का नाही न्यायची?"

टॅबी हळू आवाजात म्हणाली, "आई बघेल. आपल्या घरात काही नसतं हे शाळेला कळलंय असं तिला कळेल. मग ती घाबरेल. आणि मुलांना घेऊन जाणारी राज्याची माणसं आली तर तू एका घरी, मी दुसऱ्या. आईला नेलं होतं ना लहानपणी, तसं."

कोल्बीने पिशवी फटीत आणखी आत सरकवली.

त्या शुक्रवारी ओडेलने माझा पाण्याचा पाइप बदलायला मला भिंतीपासून पुढे ओढलं होतं. मागची फट उघडी पडली. टॅबी आली, बघितलं, बाहेर बसचा भोंगा वाजला. तिने माझं झाकण उघडलं, पिशवी ड्रमच्या तळाशी ठेवली, वर एक टॉवेल टाकला आणि पळाली. सोमवारी सगळ्यात आधी येऊन काढू, असा हिशोब.

सोमवारी रस्त्यावर धुकं होतं. बस उशिरा आली.

आणि ओडेल, जो रोज आत हात घालून बघतो, ज्याला एकदा एका खिशात जिवंत बेडूक सापडला होता, तो त्या दिवशी घाईत होता. स्वयंपाकघरातली टॉवेलांची टोपली माझ्यात ओतली, साबण, झाकण, बटण. गेला.

कोल्बीला त्याच्या वर्गात सोडून टॅबीला मिस पेट्री बसमधूनच घेऊन आल्या. ती आत आली आणि मी फिरत होते. तिचा चेहरा मी पाहिला. पण ती बोलली नाही. बोलली असती तर सगळंच सांगावं लागलं असतं.

"चल, आकड्यांपासून सुरू करू. सात, तीन."

टॅबी माझ्याकडे बघत होती.

"टॅबिथा, इकडे लक्ष दे. सात, तीन."

माझ्या पोटात ओट्सची पेज झाली होती. मॅकरोनी फुगली. पीनट बटरची बरणी एका बाजूला, बीन्सचे डबे तिच्यामागे. पाणी बाहेर टाकायची वेळ आली आणि पंप तुंबला. मग मी गरगर फिरायला गेले आणि तोल गेला. धाड, धाड, धाड, डावीकडच्या भिंतीवर. हेच ते चेपलेलं. नवा पाइप निसटला आणि पाणी उडालं.

मिस पेट्री कागद घेऊन खुर्चीवर चढल्या. टॅबी सरळ माझ्या मागे गेली आणि दोन्ही नळ उजवीकडे फिरवून बंद केले. ओडेलला करताना बघितलं होतं तिने. तेवढ्यात तो धावत आला, त्याने मेन स्विच पाडला. मी थांबले. फरशीवर दुधासारखं पाणी आणि त्यात मॅकरोनी.

त्याने माझ्यातून टॉवेल काढले, मग डबे, मग हिरवी सुतळी. ती हातात धरून तो उभाच राहिला.

"ही गाठ माझी आहे," तो म्हणाला. "पोरी, ही तर शुक्रवारची पिशवी. मग शनिवारी-रविवारी काय खाल्लंत तुम्ही?"

टॅबी गुडघ्यांवर बसून काय वाचलंय ते बघत होती आणि पुटपुटत होती. रडत नव्हती. घरातल्या मोठ्या बायका कामाचं पुटपुटतात ना, तसं.

"ओट्सची चार पाकिटं होती. दोन आज कोल्बीला, एक मंगळवारी, एक बुधवारी. मॅकरोनी बुधवारी, कोरडीच खातो तो, कुरकुरीत लागते. पीनट बटर गुरुवारपर्यंत, दोघांना एकेक चमचा. बीन्सचे दोन डबे, मोठा गुरुवारी, घरून आणलाय सांगून तुमच्याकडून उघडून घेते, छोट्याचं झाकण ओढून निघतं म्हणून तो शुक्रवारी, तेव्हा तुम्ही बाहेर बसजवळ असता आणि डबा उघडून द्यायला कोणी नसतं. दुधाचे तीन खोके, एक दिवसाआड. शुक्रवारी नवी पिशवी येते." मग ओडेलकडे बघून म्हणाली, "ओट्स गेले. आता आज त्याला काय देऊ?"

मिस पेट्री अजून खुर्चीवरच होत्या. हळूच खाली उतरल्या, पाण्यात उभ्या राहिल्या.

"टॅबिथा, हे सगळं परत सांगशील?"

तिने परत सांगितलं. वार चुकला नाही, पाकीट चुकलं नाही. दोन आकडे उलटे न म्हणणारी मुलगी.

"आणि तू? तू आज काय खाल्लंस?"

"मला भूक नसते."

मिस पेट्रींनी फाइल बंद केली. म्हणाल्या, आज चाचणी नाही. ओडेल स्वयंपाकघरातून अंडी आणि मक्याचा गरम ब्रेड घेऊन आला, वर्गातून कोल्बीलाही उचलून आणलं. दोघं पालथ्या बादल्यांवर बसून खात होती. कोल्बी मान वर करून म्हणाला, "मशीनने आपली पिशवी खाल्ली?"

"म्हातारीलाही भूक लागते," ओडेल म्हणाला. पण हसला नाही.

दुपारी ते तिघं माझ्या खोलीत होते. ओडेल फरशी पुसत होता, दोघी बाया उभ्या. मिस पेट्री म्हणाल्या, "सहा वर्षं मी या शाळेत सोमवारी येतेय. दोन दिवस उपाशी राहून आलेल्या पोरांची बुद्धी मी सोमवारी सकाळी मोजली. किती जणांची, देव जाणे."

मिसेस लँट्झ म्हणाल्या, "मी तिला सगळ्यांसमोर विचारलं होतं, तुझं डोकं रिकामं आहे का म्हणून."

"रिकामं कुठलं," ओडेल म्हणाला. "शिगोशीग भरलंय. एक अख्खं घर आहे त्यात. तुमच्या आकड्यांना जागा कुठून असणार? ही म्हातारी मशीन आली तेव्हा तिला भंगार म्हणाले होते. करंट पुरत नव्हता फक्त." मग पोछा पिळत म्हणाला, "पण मी तेव्हा हेही म्हणालो होतो, फार दिवस असंच चालवलं तर मोटर खरंच जळते."

मिस पेट्री म्हणाल्या, तसंच असतं. लहान मुलाचा मेंदू तयार होत असतो. त्याला खाणं लागतं, झोप लागते, कुणीतरी निवांत बोलणारं लागतं. जे मूल सारखं दाराकडे कान लावून बसतं, त्याचा मेंदू दाराकडे कान लावण्यातच तयार होतो. मला टेकडीवरचे मोजे आठवले.

रोंडाला ओडेलनेच निरोप दिला, ऑफिसमार्फत नाही. ती कामाच्या कपड्यांतच आली. दारातच थांबली.

"राज्याची गाडी किती वाजता येतेय? स्पष्ट सांगा."

"गाडी आहे ती माझीच," ओडेल म्हणाला. "आणि तिचं तर एक दारही उघडत नाही. बस, रोंडा."

"माझी पोरं उपाशी नसतात."

ओडेलने हिरवी सुतळी तिच्यासमोर टेबलावर ठेवली.

"नेहमी नसतात," ती म्हणाली. मग खाली बसली. "मी नऊ वर्षांची होते. शेजारणीने शाळेत सांगितलं, आमच्याकडे पीठ नाही म्हणून. राज्याने नेलं मला, चौदा महिने परक्या घरी. परत आले तेव्हा धाकटी मला ओळखत नव्हती. म्हणून मी सांगून ठेवलंय पोरांना, घरातलं बाहेर बोलायचं नाही. पिशवी लपवा असं मी नव्हतं म्हटलं."

"मला ठाऊकाय," ओडेल म्हणाला. "तुझ्या बापाबरोबर मी अकरा वर्षं खाणीत उतरलो. त्या चौदा महिन्यांत तो जेवणाचा डबा उघडायचा आणि तसाच बंद करायचा."

मिस पेट्री म्हणाल्या, "मी कागदावर काय लिहिणार ते तुम्हालाच आधी वाचून दाखवते." त्यांनी वाचलं. मुलगी मंद नाही. ती थकलेली आहे, घाबरलेली आहे आणि एका कुटुंबाची काळजी वाहतेय. चाचणी नाश्त्यानंतर आणि पोटभर दोन दिवस गेल्यावर पुन्हा घ्यावी.

रोंडाने तो कागद स्वतः हातात घेऊन पुन्हा वाचला. तेव्हा कुठे तिने कोट काढला.

चाचणी गुरुवारी झाली. टॅबीने पाच आकडे उलटे म्हटले, एका दमात. म्हणून सगळं छान झालं असं नाही. तुम्हाला खोटं का सांगू? चित्रांची नावं विचारली तेव्हा कितीतरी शब्द तिला माहीतच नव्हते. ज्यूलियनला ते तीन वर्षांचा असताना येत होते. मिस पेट्रींनी रोंडाला स्पष्ट सांगितलं की काही मागे राहिलंय आणि ते आपोआप येणार नाही, रोज बसावं लागेल. पण डोंगरापलीकडे जायची गरज नव्हती. टॅबी इथेच राहिली, कोल्बीच्याच बसमध्ये. रोज एक तास वेगळ्या बाई तिला शिकवतात. शाळेने सकाळचा नाश्ता उशिरापर्यंत ठेवला आणि मिस पेट्रींनी वार बदलून घेतला. आता गुरुवारी येतात.

शनिवारी ओडेल माझी खोली वस्तीतल्या लोकांसाठी उघडतो. शुक्रवारची पिशवी आता टॅबीच्या दप्तरातून घरी जाते आणि शनिवारी रोंडा कपडे घेऊन येते. पहिल्या शनिवारी ती बसल्या बसल्या डोळे मिटून पडली होती. कोल्बीने ढिगाऱ्यातून एक मोजा काढून तिच्या नाकासमोर धरला. "हा कुणाचा?"

तिने एक डोळा उघडला. "तूच सांग."

आणि ती थांबली. उत्तराची वाट बघत.

इतक्या वर्षांनी मी तो आवाज परत ऐकला, मित्रांनो. प्रश्न, आणि प्रश्नानंतरची शांतता. टेकडीवरच्या घरात होती, अगदी तशीच ती शांतता होती. फक्त इथपर्यंत यायला तिला एक जेवण, एक झोप आणि एक न घाबरलेला शनिवार लागला.

माझे आता फार दिवस नाहीत. बेअरिंग गेलंय, फिरताना कण्हते. नवी मशीन यायचीय. नेतील मला तेव्हा नेवोत, तक्रार नाही. एकच मागणं आहे. माझ्या झाकणावर एक कागद चिकटवलाय. टॅबीने स्वतः लिहिलाय, ओडेल म्हणतो, अक्षरं वाकडी आहेत पण एकही चुकलेलं नाही. "सुरू करण्याआधी आत बघा." तो कागद नव्या मशीनवर लावा.

आणि तुमच्या वर्गात कुणी सोमवारी सकाळी शून्यात बघत बसलेलं असेल, विचारलेलं येत नसेल, तर त्याला ढ म्हणण्याआधी तेच करा. मी ऐकलंय आतून. तिथे बहुतेक वेळा कुणीतरी ओट्सची पाकिटं मोजत असतं.